बॉस एकाच टर्नमध्ये संपला, दुसरा संपतच नव्हता, तिसऱ्याने दोघांना मारलं: गणित कुठे चुकलं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यात एक दुर्मीळ गोष्ट आहे. तुम्ही 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून गोष्ट खेळायच्या खेळाची (पाचवी आवृत्ती, २०१४ची पुस्तकं) एकच मोहीम तीन वेगवेगळ्या गटांबरोबर चालवली आहे. तिन्ही गटांत सगळे पाचव्या लेव्हलचे होते आणि तिन्ही वेळा शेवटी, पडक्या बुरुजात, तोच तरुण हिरवा ड्रॅगन बॉस, म्हणजे शेवटचा मोठा शत्रू, होता. पहिल्या गटात पाच खेळाडू होते आणि ड्रॅगन पुस्तकातला जसाच्या तसा. तो दुसऱ्या राउंडच्या (राउंडमध्ये प्रत्येकाला एक टर्न, म्हणजे पाळी) मध्येच मेला आणि त्याला एकच टर्न मिळाला. दुसऱ्या गटासाठी तुम्ही त्याचे एचपी (जीव मोजणारे गुण) दुप्पट केले, तेव्हा चार खेळाडूंची लढाई दोन तास रेंगाळली आणि शेवटी सगळे कंटाळले. तिसऱ्या गटासाठी एचपी मूळचेच ठेवून डॅमेज (घावाने जाणारे एचपी) दुप्पट केला, तर विझर्ड (जादूगार) आणि क्लेरिक (पुरोहित) त्याच्या पहिल्याच विषारी श्वासात कायमचे गेले. पुढच्या महिन्यात चौथा गट बसणार आहे आणि तुम्ही विचारताय, 'बॉसची ताकद नेमकी किती ठेवू?'

'किती' हा प्रश्न नंतरचा आहे. तुम्ही तिन्ही वेळा ताकद म्हणजे आकड्यांचा आकार असं धरून चाललात. एचपी वाढवल्याने बॉस जास्त वेळ टिकतो, पण त्या वेळात तो काय करतो हे तसंच राहतं. डॅमेज वाढवल्याने त्याचा प्रत्येक घाव मोठा होतो, पण घाव तेवढेच राहतात. एकट्या बॉसची खरी अडचण अशी की पाच जण पाच वेळा खेळतात आणि तो एकदाच. आधी त्याचे टर्न दुरुस्त करा, मग एचपीला हात लावा, आणि एका घावाचा डॅमेज शक्यतो वाढवूच नका. असं का, ते तुमच्याच ड्रॅगनवर दाखवतो.

त्याआधी, परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगतो. माझे आकडे साधारण कुशल खेळाडूंसाठी आहेत: मुख्य गुणाचा बोनस +४, फार जादुई शस्त्रं नाहीत. सगळ्यांकडे +१ची जादुई हत्यारं असतील, किंवा गटात दोन पॅलाडिन (धर्मयोद्धे) असतील, तर गणित बदलेल. तीनच खेळाडू असतील तर फारच बदलेल, कारण तिघांतला एक बेशुद्ध पडला की गटाची एक-तृतीयांश ताकद जाते आणि दुसरा त्याला उठवण्यात गुंततो. म्हणून माझी पहिली सवय: बॉसच्या आधीच्या दोन सत्रांत प्रत्येक राउंडला गटाने एकूण किती डॅमेज केला ते वहीत लिहायचं. पुस्तकातल्या कुठल्याही तक्त्यापेक्षा ती वही मला जास्त खरं सांगते.

आता पहिला गट. हिरव्या तरुण ड्रॅगनचं चॅलेंज रेटिंग (राक्षस किती अवघड याचं माप) ८, म्हणजे ३९०० एक्सपी (त्याला हरवल्याचे अनुभव-गुण). पाचव्या लेव्हलच्या पाच जणांसाठी 'हार्ड'ची रेषा ३७५० आणि 'डेडली'ची ५५००, म्हणजे पुस्तकाच्या मते ही 'हार्ड' लढाई. मग ती चुटकीसरशी का संपली? ड्रॅगनचा एसी (बचावाचा आकडा) १८, खेळाडूंचा हल्ल्याचा बोनस +७, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर निम्मे हल्ले लागतात. फायटर, पॅलाडिन, रोग (म्हणजे चोर), विझर्ड आणि क्लेरिक असा गट धरा. नुसती हत्यारं आणि कँट्रिप (कितीही वेळा टाकता येणारे छोटे मंत्र) वापरले तर हे पाच जण मिळून राउंडला सरासरी ४२च्या आसपास डॅमेज करतात. पण सगळं राखून आले असतील तर पहिल्या राउंडला फायटरचा ॲक्शन सर्ज (एक जादा कृती), पॅलाडिनचे दोन स्माइट (घावावर जादूचा जादा डॅमेज), विझर्डचा फायरबॉल (आगीचा गोळा) हे सगळं एकदम पडतं आणि तोच आकडा ८५च्या वर जातो. ड्रॅगनचे एचपी १३६. फासे जरा खेळाडूंच्या बाजूने पडले की दुसऱ्या राउंडच्या मध्यावर तो संपणारच. त्याचा इनिशिएटिव्हचा (पाळ्यांचा क्रम ठरवणाऱ्या फाशाचा) बोनस फक्त +१, त्यामुळे बहुतेकांच्या मागून त्याचा नंबर लागतो. तुमच्या टेबलवर नेमकं हेच झालं.

यात पुस्तकाची चूक अर्धीच आहे. चॅलेंज रेटिंगचा अर्थ एवढाच, की त्या लेव्हलच्या, नीट विश्रांती घेतलेल्या चार जणांनी तो राक्षस कोणी न मरता हरवावा. ते बॉससाठी बनवलेलं मापच नाही. शिवाय २०१४च्या नियमांत दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढाया आणि मधे दोन छोट्या विश्रांत्या गृहीत धरल्या आहेत. तुम्ही लिहिलंय की गट बुरुजाबाहेर रात्रभर झोपून सकाळी आत शिरला. म्हणजे सहा लढायांवर पसरायची शिदोरी एकाच लढाईत ओतली गेली. पाचव्या लेव्हलच्या विझर्डकडे नऊ स्पेल स्लॉट (मंत्र टाकायच्या संधी) असतात. नऊ घेऊन आलेला विझर्ड आणि चार घेऊन आलेला विझर्ड यांना एकच समजून बॉस बेतता येत नाही.

दुसऱ्या गटाची रटाळ लढाईही याच दोन आकड्यांतून उलगडते. चौघांचा गट, ड्रॅगनचे एचपी २७२. पहिल्या राउंडला ७५, दुसऱ्याला ४५, आणि मग साधनं संपली की राउंडला तेहतीस-चौतीस. हिशेब करा, सात राउंड होतात. एक राउंड सतरा मिनिटांचा धरला तर दोन तास. शिवाय ड्रॅगनच्या एचपीचा पहिला अर्धा भाग खेळाडूंच्या सगळ्यात रंगतदार गोष्टींनी संपतो आणि उरलेला अर्धा फायर बोल्टसारख्या कँट्रिपने आणि साध्या तलवारीने. तुम्ही जे वाढवलंत ते सगळं त्या दुसऱ्या भागात गेलं. २००८च्या चौथ्या आवृत्तीत एकट्याने लढणाऱ्या 'सोलो' राक्षसांना साध्या राक्षसाच्या कित्येक पट एचपी दिले होते, आणि त्या लढायांचं हेच व्हायचं: निकाल सगळ्यांना कळलेला असायचा, तरी फासे टाकत राहायचे.

तिसरा गट मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे माणसं गेली. पाचव्या लेव्हलच्या विझर्डचे एचपी साधारण ३२, क्लेरिक-रोगचे ३८, फायटर-पॅलाडिनचे ४४. मूळ ड्रॅगनच्या विषारी श्वासाचा डॅमेज १२डी६ (सहा बाजूंचे बारा फासे), म्हणजे सरासरी ४२. सेव्ह (वाचण्यासाठी टाकायचा फासा) चुकला तर विझर्ड आणि क्लेरिक बेशुद्ध पडतात, फायटर दोन एचपींवर उभा राहतो. फार घाबरवणारी, पण सावरता येणारी स्थिती. तुम्ही तो ८४ केला. नियम असा, की शून्यावर आल्यानंतर उरलेला डॅमेज जर पात्राच्या पूर्ण एचपीइतका किंवा जास्त असेल तर पात्र जागीच मरतं. ८४ वजा ३२ म्हणजे ५२, विझर्ड गेला. ८४ वजा ३८ म्हणजे ४६, क्लेरिक गेला. फायटरसाठी ४० उरतात, ते ४४पेक्षा कमी, म्हणून तो फक्त बेशुद्ध. तुम्हाला वाटलं डॅमेज दुप्पट केला म्हणजे धोका दुप्पट झाला. खरं तर मधे एक कडा होता आणि तुम्ही तो ओलांडलात. बॉसच्या प्रत्येक हल्ल्यासाठी मी हे एक गणित कागदावर करतोच: सरासरी डॅमेज, वजा सगळ्यात नाजूक पात्राचे एचपी. उत्तर त्याच्या पूर्ण एचपीच्या जवळपास जरी आलं, तरी तो हल्ला टेबलवर येत नाही. पहिल्या लेव्हलला तर हे फारच जपा. तिथे सात एचपीच्या विझर्डला बगबेअरचा (एका केसाळ राक्षसाचा) एक क्रिटिकल (फाशावर वीस पडल्यावरचा मोठा घाव) सरासरी वीसचा बसतो. माझ्या अगदी सुरुवातीच्या मोहिमेत असंच एक पात्र पहिल्या तासात गेलं. ते खेळणारी मुलगी आठवडाभर त्याची गोष्ट लिहून आली होती. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

आता टर्नबद्दल. कबड्डीत एकटा चढाईपटू सात जणांच्या अंगणात जातो आणि तरी गुण घेऊन परत येतो. त्याचं कारण त्याची ताकद नाही. तो थांबत नाही. कोपऱ्यात साखळी पडायच्या आत तो मधे आलेला असतो, बचावपटू हलला की तोही हलतो. तोच चढाईपटू मधोमध उभा राहून आपल्या पाळीची वाट बघू लागला तर कितीही दणकट असो, पकडला जाणार. तुमचा ड्रॅगन तसा उभा होता. पाच जण हलून, मारून, परत जागेवर येईपर्यंत तो काहीच करत नव्हता.

मोठ्या ड्रॅगनना यासाठीच लेजंडरी ॲक्शन दिल्या आहेत: दुसऱ्या कुणाचा टर्न संपला की लगेच एक छोटी कृती, राउंडला तीन. तरुण ड्रॅगनला त्या नाहीत. त्या आपण द्यायच्या, पण फुकट नाही. पुस्तकातला ड्रॅगन एका टर्नमध्ये एक चावा (विषासकट २२) आणि दोन पंजे (११-११) मारतो, एकूण ४४. मी ते असे वाटून देतो: स्वतःच्या टर्नला चावा आणि एक पंजा. दुसरा पंजा काढून घ्यायचा आणि तो कुठल्याही एका खेळाडूच्या टर्ननंतर मारू द्यायचा. आणखी एका खेळाडूच्या टर्ननंतर त्याला निम्म्या वेगाने सरकू किंवा उडू द्यायचं, आणि त्यावर संधीचा हल्ला (शत्रू दूर जाताना मारायचा जादा वार) घेता येणार नाही. बेरीज करून बघा, राउंडचा डॅमेज तेवढाच, ४४. एक अंकही वाढला नाही. पण आता ड्रॅगन राउंडमध्ये एकदा नाही, तीनदा काहीतरी करतो. रोग मागून आला की तो वळतो, पॅलाडिन भिडला की तो दुसऱ्या मजल्यावर जातो. खेळाडूंना तो जिवंत वाटतो, आणि त्यांनाही जागा सोडून विचार करावा लागतो.

यातून दुसरा फायदाही होतो. पूर्वी एक टर्न गेला म्हणजे ड्रॅगनचा अख्खा राउंड गेला. आता इनिशिएटिव्ह खराब आला तरी पहिल्या खेळाडूनंतर तो हलू शकतो.

एचपीचं काय? पुस्तकात १३६च्या शेजारी १६डी१०+४८ लिहिलेलं असतं. म्हणजे त्या जातीच्या ड्रॅगनचे एचपी ६४पासून २०८पर्यंत कुठेही असू शकतात. पाच जणांच्या गटासाठी मी १८० घेईन. गट आधी दोन लढाया करून, निम्मी साधनं खर्चून आला असेल तर त्याचा डॅमेज राउंडला साधारण ६०, मग ४५, मग ४२-४२ असा उतरत जातो, म्हणजे चौथ्या राउंडच्या शेवटी १८० संपतात. तेवढ्या वेळात ड्रॅगनचा हिशेब: दोघांवर एक श्वास आणि तीन राउंड चावे-पंजे, साधारण साठ टक्के लागले असं धरून, दीडशेच्या आसपास. पाच जणांचे एकूण एचपी १९६. म्हणजे गटाच्या रक्ताचा तीन-चतुर्थांश भाग जातो, एक-दोन जण पडतात, उठवले जातात, आणि शेवटचा वार कोण करणार याकडे सगळे डोळे लावून बसतात. चार राउंड आणि तीन-चतुर्थांश, माझं लक्ष्य दरवेळी हेच. श्वास दुसऱ्यांदा आला तर मामला चिघळतो. म्हणून श्वास परत भरला की मी तो लगेच सोडत नाही. आधी त्याच्या छातीत हिरवा उजेड दाटल्याचं सांगतो आणि पुढच्या टर्नला सोडतो. पांगायचं की भिडायचं हे खेळाडूंनी ठरवायचं.

एचपीचा आकडा इनिशिएटिव्हचे फासे पडायच्या आधी ठरवा आणि मग त्याला हात लावू नका. पडद्यामागे एचपी वाढवणारे बरेच डीएम (खेळ चालवणारे) आहेत, त्यांचा हेतू चांगला असतो हेही मला माहीत आहे. तरी मी ते करत नाही. खेळाडूने नीट योजना आखून, विषापासून रक्षण करणारा स्पेल आधीच टाकून, ड्रॅगनला बुरुजाच्या पाणी भरलेल्या तळघरातून बाहेर खेचून दोन राउंडमध्ये मारलं, तर तो विजय त्याचा आहे. मी गुपचूप साठ एचपी घातले तर मी त्याची कमाई काढून घेतली, त्याला कळो न कळो.

राहिला एका स्पेलने लढाई संपण्याचा धोका. पाचव्या लेव्हलच्या विझर्डचा सेव्ह डीसी (सेव्हला गाठायचा आकडा) १५, ड्रॅगनचा विझडम सेव्ह +४, म्हणजे हिप्नॉटिक पॅटर्न (भूल घालणारा मंत्र) निम्म्या वेळा लागतो. मोठ्या राक्षसांना दिवसातून तीनदा 'नाही, माझा सेव्ह झाला' म्हणायची लेजंडरी रेझिस्टन्स असते. तरुण ड्रॅगनला मी एकदाच देतो, आणि ती वापरली की त्याला काहीतरी गमवावं लागतं: डोक्याचं शिंग तडकतं आणि एसी १८चा १७ होतो. हे मोठ्याने सांगायचं. नाहीतर विझर्डला वाटतं आपला टर्न वाया गेला. शिंग तुटलेलं दिसलं की त्याला कळतं, आपल्या स्पेलने पुढच्या चौघांचं काम सोपं केलं. पाथफाइंडर या तशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१९) हे नियमातच घातलंय, तिथे जखडून टाकणारे स्पेल वरच्या लेव्हलच्या राक्षसावर एक पायरी कमी चालतात. पाचव्या आवृत्तीत ते आपल्याला हाताने करावं लागतं.

सोबतीला कोबोल्ड (सरड्यासारखे छोटे राक्षस) घालू का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. घाला, तीन-चार. पण २०१४चा गुणाकाराचा तक्ता वापरू नका. एक ड्रॅगन आणि चार कोबोल्ड म्हणजे ४००० एक्सपी, पाच राक्षस म्हणून गुणिले दोन, म्हणजे ८०००. 'डेडली'च्या कितीतरी वर! प्रत्यक्षात पाच एचपीचा कोबोल्ड एका फटक्यात जातो. त्याच पुस्तकात लिहिलंय, की फार कमजोर राक्षस या मोजणीत धरू नयेत. २०२४च्या नव्या नियमांत तर तो गुणाकार काढूनच टाकलाय. मी कोबोल्डना डॅमेजसाठी आणत नाही, कामासाठी आणतो. एक जण तळघराचं पाणी सोडणारी झडप उघडायला धावतो, दुसरा बुरुजातल्या कैद्याला ओढत नेतो. फायटरने त्यांच्यामागे घालवलेला प्रत्येक टर्न म्हणजे ड्रॅगनला मिळालेला दम घ्यायचा वेळ, आणि तो कुणाच्या एचपीला धक्का न लावता मिळतो.

आणि निम्मे एचपी संपले, म्हणजे तुमच्या बाबतीत ९० उरले, की लढाईची जागा बदला. या ड्रॅगनची बुद्धी १६ आहे, त्याला पोहता येतं, पाण्यात श्वास घेता येतो, ८० फूट वेगाने उडता येतं. असा प्राणी हरतोय हे कळूनही मधल्या दालनात उभा राहणार नाही. तो जमीन फोडून भरलेल्या तळघरात उडी घेईल, कैद्याला पायात धरून. आता चिलखतातला पॅलाडिन पाण्यात उतरेल का? हा प्रश्न तिसऱ्या राउंडला आला की दुसऱ्या गटाचा कंटाळा तुम्हाला परत दिसणार नाही. तळघराचा नकाशा मात्र आधीच काढून ठेवा. मी एकदा तो आयत्या वेळी काढत बसलो आणि वीस मिनिटं सगळे थंड झाले.

चौथ्या गटासाठी सगळं एकत्र: बुरुजाच्या वाटेवर दोन लढाया, आणि कैद्याला संध्याकाळपर्यंत सोडवायचंय म्हणून रात्रीची झोप नाही. ड्रॅगनचे १८० एचपी, डॅमेज पुस्तकातलाच पण तीन तुकड्यांत वाटलेला, एक रेझिस्टन्स शिंगाच्या बदल्यात, चार कोबोल्ड, निम्मे एचपी उरले की तळघर. खेळाडू चारच आले तर १८०चे १४० करा आणि कोबोल्ड दोन ठेवा, बाकी काही बदलू नका. तिसऱ्या राउंडच्या शेवटी ड्रॅगनचे किती एचपी उरले आणि गटातले किती जण पायावर होते, एवढे दोन आकडे लिहून ठेवा आणि इथे कळवा. त्यावरून पुढच्या बॉसचं बघू.